कॅमेऱ्याचं बूड

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे कॅमेरा तोलणं. बायको ओसरीवर किराणा विकायची. तिनं तागडीच्या एका पारड्यात माझा कॅमेरा ठेवला, दुसऱ्यात ज्वारी ओतली. दोन किलोला मूठभर कमी भरली.

"कोथिंबिरीची जुडी आणायची तर तुमचा हात दुखतो," ती म्हणली, "आन् हे घेऊन दिवसभर हिंडता."

जास्तीचं वजन खाली लावलेल्या बॅटरी ग्रिपचं. तिला ग्रिप म्हणता यायचं, पण ती बूडच म्हणायची.

मी सातवी नापास, पण उभा जन्म लग्नाचे फोटो काढले, म्हणून सांगतो. ग्रिपमध्ये दोन बॅटऱ्या बसतात. दुष्काळाच्या सालात वैजापूरकडच्या गावांत दिवसदिवस लाईट नसायची. तिथं हळदीपासून पाठवणीपर्यंत कॅमेरा चालला तो ग्रिपमुळं. उभा फोटो घेताना कोंबड्यासारखं कोपर वर करावं लागत नाय, खाली दुसरं बटण असतं. शिवाय रुबाब. शहर वाळूजपर्यंत पसरलं, कारखान्यातल्या पोरांनी फ्लॅट घेतले. ती पोरं आधी कॅमेरा केवढा ते बघायची, फोटो मागून.

आता खोड्या. स्क्रू ढिला झाला की ऐन मंगलाष्टकात कॅमेरा बंद. एक बॅटरी जुनी, एक नवी टाकली की किती उरली ते खरं दाखवत नाय. बॅगेत बसत नाय. आन् मनगट जातं. बायको मेंढपाळाची लेक, तिनं पट्ट्याला घोंगडीचा तुकडा शिवला, त्यानं मान वाचली. मनगट नाय वाचलं. बटण दाबताना बोट बधिर व्हायचं.

परवावर एक लग्न होतं. ती म्हणली, काम सोडू नका, नुसतं बूड काढा. मी म्हणलं, म्हातारा आटला म्हणतील लोक.

"लोक कॅमेऱ्याकडं बघतेत. तुमच्या हाताकडं मीच बघते."

मी काढलं नाय. ज्वारी डब्यात ओतून ती जरा आडवी झाली. चहाला हाक मारली तर उठली नाय. संध्याकाळी नेलं तिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा फोटोवाला आला. मला सुतक, लग्न त्याला दिलं. ग्रिप काढून तीबी त्यालाच दिली. तो नको म्हणत होता. मग कळलं, ग्रिप बसवताना कॅमेऱ्याचं बॅटरीचं झाकण काढलेलं, ते हिनं कुठं ठेवलं मला ठाऊक नाय. झाकणाबिगर कॅमेरा चालू होत नाय. एक बॅटरी आत सारली, झाकणानं दबतं ते बारकं बटण दबून राहावं म्हणून काडीपेटीची काडी मोडून खाचेत घातली, वर चिकटपट्टी लावली. झाला चालू.

लई हलका लागला. मला नाय आवडला.