ओढ्यापलीकडचे दाजी

लिहायला बसण्यापूर्वी क्षमा मागतो. आमच्या घरात अंगठ्याऐवजी सही करणारा मी पहिलाच, आणि कॉलेजात जाऊ लागलो म्हणून काही मला लिहिता येऊ लागले असे नाही. ज्यांना लिहिता येते ते मोठ्या माणसांविषयी लिहितात. मी लिहितो आहे ते माझ्या बहिणीच्या यजमानांविषयी. ते पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात बाटल्या धुण्याच्या खात्यात होते. त्यांच्याविषयी गावात जे बोलले गेले ते तसेच राहू नये, एवढ्यासाठीच हे धाडस. कुठे चुकलो तर सांभाळून घ्यावे.

सत्तावन्न सालचा उन्हाळा सरता सरता तापाची साथ आली. पुण्याच्या वर्तमानपत्रात तिला फ्लू म्हणत. आमचे गाव पवनेच्या काठी, पिंपरीपासून पायी अर्ध्या तासावर. तिथे म्हाताऱ्या माणसांनी तिचे जुने नाव बाहेर काढले : मानमोडी. एक दिवस दवंडी पिटली. ताप असेल त्याने घराबाहेर पडू नये, आजाऱ्याला भेटायला जाऊ नये, माणसे जमवू नयेत, आठवड्याचा बाजार बंद.

आजाऱ्याला भेटायला जायचे नाही, हे आमच्याकडे कुणाला समजेचना. आमच्या गावात भेटायला न जाणे म्हणजे वैर धरण्यासारखेच. पारावर एकजण दवंडीवाल्याला म्हणाला, "मेल्यावर तरी जायाचं का न्हाई, त्ये बी इचारून ये की सायबाला." सगळे हसले. तालमीतली पोरे रोज कुस्ती खेळत राहिली. वाण्याने मात्र दुकानापुढे सुंभ बांधला आणि गूळ-मीठ फळीवर ठेवून पुढे सरकवू लागला. त्यालाही लोक हसले, पण त्या फळीवरून सामान मात्र नेत राहिले. मला वाटते, लोक तापाला भीत नव्हते असे नाही. लोकांच्या बोलण्याला जास्त भीत होते.

आणि आमच्या गावाला आणखी एक धीर होता, जो दुसऱ्या कुठल्या गावाला नसेल. औषधांचा एवढा मोठा कारखाना आमच्या शेजारी. त्याचा भोंगा झाला की आमच्या बायका चुली पेटवत. जिथून साऱ्या देशाला औषध जाते तिथे रोग कसा येईल, असे पुष्कळांना मनापासून वाटे. दाजींना तर फारच. ते नगरकडचे, आईवडील नसलेले, नोकरीसाठी इकडे आलेले. आमच्यात नोकरीवाला जावई पहिलाच, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होते.

कॉलेजच्या डॉक्टरांनी आम्हाला सांगितले होते की दाजींच्या कारखान्यात होणाऱ्या औषधाला हा ताप दाद देत नाही. मी ते चाचरत दाजींना सांगितले. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"मास्तर, तुमचं ग्यान पुस्तकातलं. आमचं बाटलीतलं! दिवसभर त्या औषधाच्या वासात उभा असतोय मी. माझ्याजवळ ताप आला तर त्योच बरा हून जाईल."

मला त्यांच्यापुढे फार बोलता येत नसे. ते बोलत तेव्हा ऐकतच राहावे असे वाटे.

हे सगळे ज्या एका माणसाला पटत नव्हते, ती माझी आत्या. चाकणकडे तिला दिली होती. अठरा सालच्या पहिल्या मानमोडीत नवरा आणि दोन्ही लेकरे गेल्यावर ती आमच्याकडे आली ती कायमची. त्या दिवसांविषयी ती कधी बोलत नसे. त्या उन्हाळ्यात बोलली. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ती म्हणाली, "दादा, तवा माझ्या घरात मानसं भेटाया आली. चांगुलपनानंच आली. कुनी भाकरी आनली, कुनी कण्हेरी. त्यांनीच ताप आनला, आन् त्यांच्याच खांद्यावर माझी मानसं गेली. आता मी पोरीला गावात ठेवू द्यायची न्हाई."

पोर म्हणजे माझी आक्का. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, दिवस भरत आले होते. प्लेगात गावे रानात जाऊन राहायची तसे आत्याने ठरवले. ओढ्यापलीकडच्या आमच्या मळ्यात एक खोपी होती. तिथे आक्का, आई, सुईण आणि आत्या राहायला गेल्या. कॉलेजला सुटी होती म्हणून मीही गेलो. आबा गावातून दाणागोटा आणून ओढ्याच्या काठावरच्या खडकावर ठेवीत आणि तिथूनच परत फिरत. आईला हे सारे लाजिरवाणे वाटे. वाळीत टाकल्यावानी झाले, असे ती म्हणे.

खोपीतच आक्काला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

त्या संध्याकाळी दिवसपाळी सुटल्यावर दाजी तडक आले. हातात जिलबीचा पुडा, काखेत छत्री. ते ओढ्यात पाय घालणार तोच आत्या पुढे झाली.

"जावईबापू, तितंच थांबा."

आमच्याकडे जावई दारात आला की आधी पायावर पाणी घालतात. आईने तोंडाला पदर लावला. दाजी मात्र हसले.

"आत्याबाई, मला न्हाई तर न्हाई, जिलबीला तरी आत घ्या. का तिलाबी ताप आलाय?"

"खडकावर ठेवा आन् मागं व्हा."

त्यांनी ठेवली आणि मागे झाले. मी जाऊन पुडा आणला. मग आक्का धडप्यात गुंडाळलेली मुलगी घेऊन खोपीच्या दारात आली. दाजींनी टाचा उंचावल्या.

"कुणावानी हाय गं?"

आत्याच म्हणाली, "आत्ता तर माकडावानी हाय."

"मग बापावरच गेली!" दाजी ओरडले. आक्का एवढी हसली की सुईण तिला रागावली.

त्यानंतर दाजी रोज येत. भोंगा झाला की आक्का मुलीला घेऊन दारात उभी राही आणि थोड्या वेळाने पलीकडच्या बाभळीखाली छत्री दिसे. पाऊस असला तरी दिसे. ती छत्री त्यांच्या लग्नातली. जेवणाच्या पंगतीत ते तिच्यासाठी रुसून बसले होते, आणि मिळाल्यावर स्वतःच हसत सुटले होते. त्या अंतरावरून त्यांना मुलीचे नाक-डोळे काही दिसत नसणार. तरी ते आक्काला विचारीत, आज डोळे उघडले का, माझ्याकडे बघितले का. आक्का दर वेळी होय म्हणे. कधी मुलगी झोपलेली असे, तरीही होय म्हणे.

बारसे जवळ आले. दाजींनी कारखान्यातल्या सोबत्यांना बोलावून ठेवले होते. आदल्या संध्याकाळी आत्याने काठावरून सांगितले, माणसे जमवायची नाहीत, आणि बापानेही पलीकडूनच बघायचे.

"एकदा हातात तरी द्या," दाजी म्हणाले. "घटकाभर. हात धुऊन घेतो की."

"साथ सरू द्या."

"मी बाप हाय का भिकारी, आत्याबाई? रोज आपलं लांबनं बघायचं?"

दाजींचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आत्या जाग्यावरून हललीही नाही. दाजी वळले आणि आक्काकडे न बघता निघून गेले.

बारशाला ते आले नाहीत. पाळण्यात घालण्याचे नाव त्यांनीच आक्काला सांगून ठेवले होते. ते आत्याने मुलीच्या कानात सांगितले. दुसऱ्या दिवशी भोंगा झाला, बाभळीखाली कुणी नव्हते. तिसऱ्या दिवशीही नव्हते.

जावई रुसला, असे सगळ्यांनीच धरून चालले. मीही. दुसरे काही असेल, हे कुणाच्या मनाला शिवले नाही. जावई रुसतातच. मग सासऱ्याने पटका-नारळ घेऊन जायचे, दोन्हीकडून थोडे ताणायचे आणि शेवटी जेवायला बसायचे, अशी आमच्याकडची रीत. आबा काठावरून म्हणाले, "आत्ताच पळत गेलो तर पोरीचा बाप हलका पडंल. सव्वा महिना होऊ दे. पोरीला पोचवतानाच जातो पटका घिऊन."

आत्या म्हणाली, "रुसलाय त्ये बरं हाय. रुसल्यालं मानूस लांब ऱ्हातं."

पण गावाने त्याला दुसरेच वळण दिले. ओढ्यावर धुणे धुणाऱ्या बायका पलीकडून बोलत, ते खोपीत ऐकू येई. पहिली मुलगी झाली म्हणून जावयाने पाठ फिरवली. नुसते आत्याने अडवले म्हणून कुणी येणे बंद करील का? नगरकडे दुसरी बघतायत म्हणे. आक्का ते ऐके. भोंगा झाला की मात्र ती पूर्वीसारखीच मुलीला घेऊन दारात येई आणि पलीकडे कुणी नसताना मुलीला वर उचलून धरी. आई म्हणे, "आत हो बाई, वारं लागंल तिला." आक्का आत जाई ती पार अंधार पडल्यावर.

आठवडाभरात माझे कॉलेज उघडले. निघताना आक्का मला गोठ्याच्या आडोशाला घेऊन गेली.

"पिंपरीवरनंच जाशील ना? त्यांना एवढंच इचार. पोरगी झाली म्हनून का?"

आत्याने ते ऐकले असावे. ती म्हणाली, "तिकडं जायाचं आसंल तर जा. पर त्या खोलीवर गेलास तर साथ सरंपर्यंत हिकडं पाय ठिवू नगंस."

मी गेलो. कारखान्याच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची एक रांग होती, तिच्यात दाजी एका सोबत्याबरोबर राहत. सोबती दारातच भेटला. तोंडावर उपरण्याचे टोक बांधलेला, उंच, मराठवाड्याकडचा माणूस. दार त्याच्या पाठीमागे लोटलेले होते.

"दाजी आहेत का?"

त्याने मागे दाराकडे पाहिले. मग म्हणाला, "गावाकडं गेलाय. नगरला."

"कधी येणार?"

"सांगितलं न्हाई. तू जा भावा. हितं ताप हाय, उभा नको राहू."

मी तिथेच थोडा उभा राहिलो. मग मोठ्याने म्हणालो, "आले की सांगा, आक्काने विचारलंय, पोरगी झाली म्हणून रुसलात का?" मला वाटले होते, तो हसेल. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. मी स्टेशनावर गेलो आणि पुण्याची गाडी धरली. गावचा एक दूधवाला गाडीत भेटला. त्याच्याकडे मी आबांना निरोप दिला, की दाजी नगरला गेलेत. तो निरोप मळ्यात पोचला तेव्हा आक्काने काय केले, हे मला आईने फार पुढे सांगितले. ते लिहिण्याची माझी हिंमत नाही.

त्यानंतर बरेच दिवस घरची खबर नव्हती. वसतिगृहातही मुले तापाने पडत होती. मी उशाशी पुस्तक ठेवून बसे, पण वाचवत नसे.

एका दुपारी कुणीतरी सांगायला आले, की फाटकाशी तुझ्याकडचा माणूस आलाय. जाऊन पाहतो तर तोच सोबती. फार खंगलेला, भिंतीला टेकून बसलेला. हातात दाजींची छत्री होती.

"उशीर झाला भावा," तो म्हणाला. "मागनं मीबी पडलो व्हतो. आज कुठं चालता यायला लागलंय."

मी त्याच्याजवळ खाली बसलो. तो छत्रीकडे बघत बोलत होता.

"तुझा दाजी गेला. त्याच्या नगरच्या भावाला तार केली, त्यो येऊन सगळं करून गेला. तुमच्या मळ्याकडं कोन येनार? ती म्हातारी ओढा वलांडू देत न्हाई, आन् आमी सगळे तापातले. म्हनून तुला गाठलं. तू आलास तवा त्यो आतच व्हता. दाराच्या मागंच, गोधडीत. तुझा सवाल आयकला त्यानं. मला हातानंच न्हाई न्हाई केलं. बारशाच्या आदल्या रातीच अंग फनफनलं त्याचं. म्हनला, बरं झालं म्हातारीनं अडवलं, न्हाईतर घेतली आसती मी पोरीला. मग शपथ घातली आमाला. बायकोला कळवायचं न्हाई, कळलं तर ती पोरीला घिऊन पळत येईल. रुसलाय आसंच म्हनू द्या, म्हनला."

त्याने छत्री माझ्या हातात दिली.

"आखरीला दवाखान्यात नेला. तितं भान नव्हतं. एकच बोलत व्हता सारखा. भोंगा झालाय, मला उठवा, पोरीला दारात आनली आसंल."