आत्याच्या बाकावरची जागा

बेटावर बोट लागते त्या धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर, बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीला टेकून आत्याची खानावळ आहे. पत्र्याचं छप्पर, दोन लांब टेबलं, त्यांच्या दोन्ही बाजूंना बाकं आणि हात धुवायला बाहेर नळ. पाटी नाही. धक्क्यावरच्या हमालांना पाटीची गरज नव्हती आणि दुसरं कोणी इथे जेवायला येईल असं आत्याला कधी वाटलंही नव्हतं. तिचा भाचा धक्क्यावर हमाल. तो आत्या म्हणतो म्हणून बाकीचेही म्हणायला लागले, अगदी तिच्याहून वयाने मोठा असलेला मुकादमसुद्धा. नवरा गेला तेव्हा बाई हातपाय गाळून बसली होती. याच भाच्याने आपल्या जोडीदारांना तिच्या दारात आणून बसवलं आणि सांगितलं, "आत्या, यांना जेवायला घाल." तिथून हे सगळं सुरू झालं.

भाच्याला सगळे पोत्या म्हणत. पोती वाहायचा म्हणून, की अंगाने तसा होता म्हणून, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

खानावळीत रोज एकच बेत. भात, माशाचा रस्सा आणि बाजारात स्वस्त मिळेल ती भाजी. काय हवं ते कोणी सांगायचं नाही, आत्या माणसाकडे बघून वाढणार. कोणी सिमेंट उतरवून आला असेल तर ताटात भाताचा डोंगर, कोणाला ताप येऊन गेला असेल तर वरवरचा पातळ रस्सा. नको म्हणालात तर शिव्या खाल. हात सढळ, जीभ त्याहून सढळ.

मग पर्यटक यायला लागले. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत नुसता भात मागवला तरी खिशाला भोक पडतं, त्यामुळे बिचारे चांगल्या आणि परवडणाऱ्या जेवणाच्या शोधात गल्लीबोळ धुंडाळत असतात. आधी एक जोडपं आलं, उन्हाने लालबुंद झालेलं. जेवलं, बोटं चाटली आणि दुसऱ्या दिवशी आणखी चौघांना घेऊन आलं. बघता बघता दुपारी बाकांवर टेकायला जागा राहिली नाही.

आत्याची सून हरखून गेली. "आई, ही बाकं काढून टाकू या. खुर्च्या आणू. बाहेर छान पाटी लावू."

"बघू," आत्या म्हणाली. पण मनातून तिलाही गुदगुल्या होत होत्या. "हाताला चव असली की माणसं शोधत येतात," असं ती सुनेला दिवसातून दोनदा तरी ऐकवायची.

या गडबडीत हमाल कमी व्हायला लागले. आज हा नाही, उद्या तो नाही. एकदा पोत्या दारापर्यंत आला, आत डोकावला आणि म्हणाला, "आज भूक नाही गं." पोत्याला भूक नाही! आत्याने तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण हिच्या नाकावर राग. दुसरीकडे कुठे तरी पान मांडलं असेल मेल्यांनी, खाऊ देत, अशी धुसफुसत राहिली. कोणाला विचारायला गेली नाही.

एका दुपारी ऐन गर्दीत मीठ संपलं. सून पैसे घेत होती, म्हणून आत्या स्वतःच दुकानाकडे निघाली. गोदामाच्या सावलीत तिला आपले सगळे हमाल दिसले. ओळीने बसून चहात पाव बुडवून खात होते.

"का रे, माझ्या जेवणात किडे पडलेत का?"

मुकादम चहात बघत राहिला. पोत्याने तोंडातला घास कसाबसा गिळला.

"तसं नाही आत्या. ती माणसं नटूनथटून आलेली असतात. आमच्या अंगाला घामाचा वास, मासळीचा वास. परवा मी बसलो तर शेजारची बाई नाकाला रुमाल लावून उठली. आमच्यापायी तुझं गिऱ्हाईक तुटायला नको."

"मुळात त्यांना माझा पत्ता दिला कोणी?"

"हा काय, समोर बसलाय," मुकादम पोत्याकडे बोट दाखवून म्हणाला. "सामान उचलताना लोक विचारतात, चांगलं आणि स्वस्त कुठे मिळेल. हॉटेलवाले माणूस आणला की दलाली देतात. हा ती सोडतो आणि सगळ्यांना तुझ्याकडे धाडतो."

सुनेपुढे मारलेली सगळी फुशारकी आठवून तिला स्वतःचीच लाज वाटली.

"उद्या जेवायला यायचं. सगळ्यांनी. नाही आलात तर चुलीत पाणी ओतते," एवढंच बोलून ती मागे फिरली. मीठ आणायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी हमाल आले, पण उशिरा. जेवणाची अर्धी सुट्टी त्यांनी धक्क्यावरच्या नळाखाली घालवली होती. केस ओले, चापूनचोपून विंचरलेले. अंगात इस्त्रीचे सदरे. पोत्याने तर लग्नकार्यात घालायचा पांढरा सदरा काढला होता आणि त्याचं गळ्याजवळचं बटणही लावलं होतं. पर्यटकांच्या शेजारी बाकाच्या टोकाला सगळे अंग चोरून बसले. पोत्या बोटांच्या टोकांनी जेवत होता. आत्या दुसऱ्यांदा भात घेऊन आली तेव्हा त्याने ताटावर हात आडवा धरला.

"बस," तो हळूच म्हणाला. "पुरे झालं."

आत्या बघत उभी राहिली. तिच्या भावाचा पोरगा तिच्याच घरात परक्यासारखा बसला होता, आणि हे तिला सोसवेना. तिने त्याचा हात बाजूला सारला, ताटात भात घातला आणि रश्श्याचा डाव भरून वरून असा ओतला, की लाल शिंतोडे सदऱ्यावर छातीपासून कॉलरपर्यंत उडाले.

"अहो आई!" सून गल्ल्यावरून ओरडली.

"झाला ना खराब?" आत्या म्हणाली. "सुटलास. आता नीट जेव."

मुकादमाने घाईघाईने आपला सदरा काढून खुंटीला अडकवला. "माझा उसना आहे गं बाई!"

पोत्याने सदऱ्याकडे पाहिलं, मग आत्याकडे. ती डाव तसाच धरून उभी होती. त्याने गळ्याचं बटण काढलं, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि बाकावर ऐसपैस बसला. शेजारचा पर्यटक आपणहून थोडा सरकला.

"भात कमी आहे," पोत्या म्हणाला.

आत्याने पदराने डोळे पुसले आणि पातेलंच उचलून आणलं.