छपराखालचा ढग

सिन्नरच्या ताईंचं आधी सांगते. आमच्या गुलाबांच्या पॉलिहाऊसवर, म्हणजे प्लास्टिकच्या छपराखालच्या बागेवर, देखरेख त्यांची. त्या नसत्या तर मागच्या हिवाळ्यातच मी बोचकं बांधून गावी गेले असते आणि माझ्या मुलीची शाळा माझ्यासारखीच सातवीत सुटली असती.

मी सावंतवाडीकडची. घाटाखाली दाट जंगल, त्याला लागून घर. आई आणि मुलगी तिथं, मी इथं नाशिकला. फुलं कापून कापून मनगटं दुखतात, पण त्याहून जास्त थकवते ती भीती. परक्या गावात चूक झाली तर सांभाळून कोण घेणार?

आणि चूक झालीच. थंडी कडक पडली. मला वाटलं, गुलाब गारठतील. आमच्याकडे जितका ओलावा, तितकी झाडं हिरवीगार. म्हणून चार दिवस मी संध्याकाळी पानांवर पाणी मारलं आणि छपराची खिडकीही लावून घेतली. सकाळी आत धुकं साचलेलं. खरं सांगते, बरं वाटलं. घरच्यासारखं.

पाचव्या दिवशी कळ्यांवर करडी बुरशी.

"कोकणातली आली अन् पाऊस घेऊन आली," सोबत काम करणाऱ्या बायका हसल्या.

ताई ओरडल्या नाहीत. बाहेर उन्हातल्या एका फांदीला त्यांनी प्लास्टिकची पिशवी बांधली. तासाभराने आत थेंब.

"हे पाणी कुठून आलं, सांग."

"झाडातून?"

"झाडातूनच. मुळं ओढतात, पानं वाफ सोडतात. तुमच्या जंगलात अशी लाखो झाडं. ऊन पडलं की गरम हवा ती वाफ घेऊन वर जाते, वर गारवा. पण नुसत्या वाफेचा थेंब होत नाय बाई, तिला बसायला कायतरी लागतं. धुळीचा कण, फुलातले पराग, झाडांच्या वासातून तयार होणारे बारीक कण. ते बी जंगलच देतं. मग ढग."

"आणि इथं?"

"इथं प्लास्टिक हाय ना बसायला! तुझ्या जंगलावर आभाळ मोकळं, इथं छप्पर. तू खिडकी लावली, मग ढग जाईल कुठं? पडला आपल्याच कळ्यांवर."

पावसाची उघडीप झाली की समोरचा डोंगर धुमसताना मी लहानपणापासून पाहत आले. तो श्वास सोडतो, असं आई म्हणायची. शाळेत हा धडा आला असेल तर मी शाळा सोडल्यानंतर आला.

दुपारी मालक आले. दोन बेड, म्हणजे गुलाबांचे दोन अख्खे वाफे, उपटायचे ठरले. "खिडकी कोणी लावली?" त्यांनी विचारलं.

"चूक माझी," ताई म्हणाल्या. "वरची खिडकी कशासाठी असते, ते हिला मी सांगितलंच नव्हतं. आता सांगितलंय. परत नाय व्हायचं."

मालकांनी त्यांना सगळ्यांसमोर सुनावलं. त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या. अठरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा, असं नंतर बायका सांगत होत्या. मला ताई एवढंच म्हणाल्या, "डबा खाल्ला का?"

मी कामावर राहिले. मुलगी आता आठवीत आहे. मी अजून रोज तीनदा जाऊन छपराची खिडकी बघते, दमले तरी.

ताईंनी आमच्यासारखं जंगल कधी पाहिलेलं नाही, त्यांचं सगळं पुस्तकातलं. मुलगी दहावी झाली की मी त्यांना गावी नेणार. अंगणात खुर्ची टाकून देईन. समोर ढग तयार होतील आणि त्या दिवशी ताईंनी काहीही सांभाळायचं नाही, कोणाचं काही ऐकून घ्यायचं नाही. त्यांचे उपकार मी फेडणार आहे.