कुरडयांच्या दिवशी वाचलेलं प्रकरण

भिजलेल्या गव्हाचा आंबूस वास आला की मला अमडापूरचं आमचं अंगण आठवतं. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन उन्हाळे झाले असतील. आई, शेजारणी आणि आमच्याकडेच राहणारी आत्या कुरडया घालत बसायच्या, आणि मी त्यांना वाचनालयातली कादंबरी वाचून दाखवायची. तिच्यात एक खाष्ट नणंद होती. बायका तिला मनसोक्त शिव्या द्यायच्या, आणि मी मनातल्या मनात तिला आत्याचा चेहरा द्यायची, कारण आत्याही तशीच होती; शिजलेला चीक निवला की सोऱ्यातून उतरत नाही, म्हणून कुणाचा हात जरा थांबला तरी ती खेकसायची. एका दुपारी गोष्ट एकदम मागे गेली. नणंद तरुण होती, आणि तिचं तान्हं लेकरू तापानं गेलं. "हे मांगचं कायले वाचतं वं? पुढचं वाच," आई घाईनं म्हणाली. "नाही, हेच वाच," आत्या म्हणाली. मी वाचलं. प्रकरण संपलं तेव्हा आत्याचा सोऱ्या थांबलेला होता. "त्या लेकराचं नाव काय होतं?" तिनं विचारलं. "पुस्तकात दिलं नाही," मी म्हणाले. "असंन. माह्या लेकराचंही या घरात कोणी घेत नाही." आत्याला मूल झालं होतं हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. पातेल्यातला चीक निवून घट्ट झाला आणि शेवटी गाईपुढे टाकावा लागला. त्यानंतर आत्याच्या खेकसण्याची मला कधी भीती वाटली नाही. आता त्या अंगणातलं कुणीच उरलं नाही, आणि ते नाव मला अजून माहीत नाही.