कच्ची कलेजी

सुनंदाच्या हाताला चव आहे, एवढं एक तिच्या सासरच्यांनी कधी नाकारलं नाही. माणूस म्हणून तिच्याविषयी फारसं कुणी बोलत नसे. पण तिच्या हातच्या कालवांच्या रश्श्याची आठवण नेऱ्याच्या घरी प्रत्येक लग्नकार्यात निघायची. ती मूळची पेणची. लग्न होऊन नेऱ्याला आली आणि नवऱ्याच्या नोकरीपायी नवीन पनवेलच्या सेक्टरात राहू लागली. नवरा विनायक तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत सुपरवायझर होता. तो कामगारांवर ओरडत नसे. हळू आवाजात बोलायचा आणि समोरचा रडकुंडीला येईपर्यंत बोलत राहायचा. घरीही तीच तऱ्हा. बायकोवर आपण कधी हात उगारला नाही, हे तो चारचौघांत स्वतःच सांगायचा.

निवृत्तीच्या तोंडावर त्याच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, फिरायला सांगितलं. विनायकला दोन्हीचा कंटाळा. निवृत्त झाल्यावर रिकामपणी मोबाईल चाळताना त्याला एक ग्रुप सापडला. त्यात एक उघडाबंब दाढीवाला माणूस कच्च्या मांसाचे लचके तोडत सांगायचा, की आगीवर चढलं की अन्न मरतं आणि माणसं मेलेलं खाऊन आजारी पडतात. वाघाला कधी डायबिटीस झालाय का, असं तो विचारायचा. विनायकला हे पटलं. खरं म्हणजे कुणीतरी आपल्याला चुकीचं खाऊ घालत होतं, एवढंच त्याला पटवून घ्यायचं होतं.

"इतकी वर्षं तू मला विष घातलंस," एके दिवशी ताटावर बसल्या बसल्या तो म्हणाला. "मुद्दाम नाही, मला माहितीय. तुला तेवढी अक्कलच नाही."

सुरुवात माशांपासून झाली. उरणची मैना मासळीची पाटी घेऊन दारावर यायची. विनायकनं तिच्याकडून रावस घेतला, तिथंच दारात तिला तुकडा कापायला लावला आणि तसाच तोंडात टाकला. मैना हसत सुटली.

"बरा हाय गो ताई तुजा," ती सुनंदाला म्हणाली. "तेल नाय, मसाला नाय, भांडी घासाची कटकट नाय. आमचे दादल्याला पन शिकीव."

सुनंदाही हसली. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

मग मटण आलं, कलेजी आली, चरबीचे गोळे आले. नेऱ्याच्या एका तबेल्यातलं निरसं दूध कॅनमधून येऊ लागलं, आणि ते तापवायचं नाही अशी ताकीद. विनायकचं वजन उतरलं, साखरही थोडी उतरली, आणि त्याचा आवाज आणखी हळू झाला. एका सकाळी त्यानं शेगडीची नळी काढली आणि शेगडी, सिलिंडर दोन्ही वॉचमनला देऊन टाकलं. सुनंदा आंघोळ करून बाहेर आली तर ओट्यावर शेगडीच्या जागी चौकोनी डाग तेवढा उरला होता.

"चहा?" तिच्या तोंडून निघालं.

"दूध आहे," तो म्हणाला.

आता तिचं काम असं. मटणवाल्याकडून आलेली कलेजी थंड पाण्यात टाकायची. वरचा पातळ पापुद्रा नखानं उचलून सोलून काढायचा. तो मध्येच फाटला की विनायक पुन्हा करायला लावायचा. पांढऱ्या नळ्या सुरीच्या टोकानं खरवडायच्या. अर्ध्या कलेजीच्या पातळ चकत्या करायच्या, उरलेली अंडं आणि निरशा दुधाबरोबर मिक्सरमध्ये फिरवायची. भांड्यात गुलाबी फेस यायचा. तिचे हात दिवसभर रक्ताच्या वासाचे असायचे. लिंबू घासलं तरी जायचा नाही. बाल्कनीत एका काचेच्या बरणीत मटणाचे तुकडे ठेवलेले. ते कुजवून खाल्ले की मन प्रसन्न राहतं, असं त्या दाढीवाल्याचं म्हणणं. विनायक रोज बरणीचं झाकण उघडून तिला हवा द्यायचा. वास शेजारी गेला, सोसायटीत तक्रार झाली. सेक्रेटरी दारात आले तेव्हा विनायक म्हणाला, "मिसेस कचरा टाकायला विसरते हो. वय झालंय. मी बघतो."

सुनंदा आत उभी राहून ऐकत होती.

तिलाही हेच खावं लागे. पहिल्या दिवशी तिनं चकती तोंडात घेतली आणि तोंडावर हात धरला. ती उठू लागली तसा तो म्हणाला, "बस." त्यानं मोबाईल समोर धरला होता. "गिळ. मी थांबतो. मला घाई नाहीये." तिनं गिळली. वर आली, पुन्हा गिळली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो शूटिंग करत होता. तो व्हिडिओ त्यानं ग्रुपवर टाकला. खाली लोकांनी हसरे चेहरे टाकले. 'वहिनींना म्हणावं नाटकं पुरे,' असं कुणीतरी लिहिलं होतं, ते त्यानं तिला दोनदा वाचून दाखवलं.

पुण्याला असलेल्या मुलाला, निनादला, तिनं फोन केला. "आई, बाबांना एकेक नाद लागतो, तुला माहितीय ना," तो म्हणाला. "सुटेल तो. तू मध्ये पडू नकोस."

तेवढ्यात आप्पा आले.

आप्पा म्हणजे विनायकचे वडील, काशिराम. नेऱ्याला एकटेच राहायचे. पडवीत पाय घसरून पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि विनायक त्यांना इकडं घेऊन आला. तोंडात दात नाही, डोळ्यांना अंधुक दिसायचं. सुनंदावर त्यांचा जीव. ती नवी नवरी असताना सासू रागावली की आप्पाच मध्ये पडायचे, आणि तिच्या ताटात भाताचा आणखी एक ढीग वाढायचे. आयुष्यभर भाताच्या खाचरात उभ्या राहिलेल्या त्या माणसाला भाताशिवाय जेवण झाल्यासारखंच वाटत नसे.

विनायकनं त्यांच्यासाठी मिक्सरमधलं ठरवलं. स्टीलच्या ग्लासात ओतून तो त्यांच्या ओठांना लावायचा. आप्पा एक घोट घ्यायचे आणि तोंड फिरवायचे.

"ह्या काय रं? वास मारतंय."

"औषध आहे, आप्पा. हाड जुळून येईल."

"औषध हाय तर थोडा दे. मंग भात दे."

भात नव्हता. आप्पा दिवसभर पलंगावर पडून तेच बोलायचे. सुनंदा जवळून गेली की तिच्या साडीचा काठ धरायचे. "सूनबाय, मना भात दे गो. नुसता पेजेचा पानी दे."

समोरच्या फ्लॅटमध्ये विनिता राहायची, शाळेत शिकवायची. सुनंदानं तिच्याकडे जाऊन मऊ भात लावला, मीठ आणि तूप घातलं आणि पदराखाली डबा झाकून आणला. विनायक बाहेर गेला होता. आप्पांनी भात खाल्ला तो डोळे मिटून. घास तोंडात घोळवत राहिले, लवकर गिळेचनात. मग त्यांनी तिचा हात आपल्या गालाला लावला.

पुढं हे रोजचंच झालं. आणि एके दिवशी विनायकला आप्पांच्या मिशीत शीत सापडलं.

तो ओरडला नाही. ते शीत त्यानं बोटावर घेतलं आणि सुनंदासमोर धरलं. "हे काय?"

आप्पाच बोलले, मोठ्या खुशीत. "सूनबायनं भात दिला. झ्याक व्हता."

"असं," विनायक म्हणाला. हात धुतले, पुसले, खुर्ची ओढून बसला. "आप्पांना बरं करायला मी मरतोय आणि तू चोरून विष घालतेस. ठीक आहे. माझ्या हातून ते घेत नाहीत. तुझ्या हातून सगळं घेतात. मग उद्यापासून तू भरवायचं. मी समोर बसतो."

"अहो, त्यांना नाही सोसवत. म्हातारं माणूस..."

"माझा बाप आहे. तुझा नाही."

दुसऱ्या दिवशी ती ग्लास आणि चमचा घेऊन पलंगावर बसली. तिच्या बांगड्यांचा आवाज ओळखून आप्पांनी आपणहून तोंड उघडलं. भाताच्या आशेनं. तिनं चमचा आत घातला. आप्पांचा चेहरा वाकडा झाला, त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि तिचाच हात आहे म्हणून गिळलं. दुसऱ्या चमच्यालाही तोंड उघडलं. विनायक खुर्चीत बसून पाहत होता.

असं चालू राहिलं. हळूहळू आप्पा तिच्या बांगड्या वाजल्या की ओठ घट्ट मिटून घेऊ लागले. एका दुपारी त्यांनी ग्लासावर हात मारला, ते गुलाबी पातळ तिच्या अंगावर, चादरीवर सांडलं. "पुन्हा बनव," विनायक म्हणाला. तिनं पुन्हा कलेजी सोलली, पुन्हा मिक्सर लावला. परत येताना तिच्या डोक्यात संताप उसळला होता आणि तो विनायकवरचा नव्हता. या म्हाताऱ्यानं तोंड बंद ठेवलं असतं, भाताचं नाव घेतलं नसतं, तर मी सापडले नसते, असं तिला वाटत होतं. आप्पांनी ओठ मिटले तशी तिनं त्यांचं नाक दाबलं. श्वासासाठी तोंड उघडलं आणि तिनं चमचा आत लोटला. मग दुसरा. तिसरा. आप्पांचे पाय चादरीखाली हलत होते.

"बघ," मागून विनायक म्हणाला. "जमतं की तुला."

त्यानंतर आप्पांनी तिला सूनबाय म्हणून हाक मारली नाही.

आप्पांना ताप चढला, जुलाब सुरू झाले. विनायकनं ग्रुपवर विचारलं. उत्तर आलं, शरीर घाण बाहेर टाकतंय, थांबवू नका. त्यानं थांबवलं नाही. सुनंदा दिवसभर चादरी धूत होती. आप्पा बरळू लागले, नेऱ्याच्या बैलांना हाका मारू लागले. विनायक दूध आणायला गेलेला असताना ती विनिताच्या दारात जाऊन उभी राहिली. तिनं विनिताचा हात धरून ओढला. विनितानं घरात येऊन आप्पांकडे पाहिलं आणि खाली धावत जाऊन रिक्षा आणली.

हॉस्पिटलच्या तरुण डॉक्टरनं आप्पांना तपासलं आणि बाहेर येऊन सांगितलं, इन्फेक्शन रक्तात गेलंय, उशीर झालाय. "यांना खायला काय देत होतात?"

एव्हाना विनायक पोचला होता. तो पुढं झाला. "घरचंच. जेवणाचं सगळं मिसेसच बघते. तिलाच विचारा."

डॉक्टर तिच्याकडे वळला.

"कच्ची कलेजी," सुनंदा म्हणाली. "अंडं. निरसं दूध."

"या वयात? कोणी भरवली?"

तिनं विनायककडे पाहिलं. तो भिंतीवरचा बोर्ड वाचत होता.

"मी," ती म्हणाली.

आप्पा गेले. नेऱ्याला तेराव्याला मांडव पडला, सगळी भावकी जेवायला आली. बोलवलेल्या आचाऱ्यांनी मोठाल्या पातेल्यांत भात शिजवला होता, त्याची वाफ अंगणभर पसरली होती. विनायक खांबाला टेकून बसला होता, डोळे लाल करून. जो येईल त्याला सांगत होता, की डॉक्टर म्हणाले, स्वच्छता नव्हती. मटण नीट धुतलं नव्हतं. भांड्यांना साबण राहिला असेल. त्यानं सुनंदाचं नाव एकदाही घेतलं नाही. घेण्याची गरज नव्हती.

नणंद, किशोरी, स्वयंपाकघरात येऊन तिच्यासमोर उभी राहिली. "आप्पांच्या तोंडात तू घालायचीस ना? तुझ्या हातानं?"

"हो, पण..."

"पण काय? तुला तोंड नव्हतं? त्या समोरच्या बाईला आधी सांगता आलं नाही?"

विनिताकडे सुनंदा रोज भात शिजवायला जात होती. तेव्हाच सांगता आलं असतं. किशोरी रडत रडत निघून गेली. पंगतीत सुनंदाला कुणी वाढू दिलं नाही.

पुढं तो ग्रुप बंद पडला की दाढीवाला कुठं गेला, ते तिला कळलं नाही. विनायकलाच मध्ये पोटाचा त्रास झाला, डॉक्टरांनी जंतांच्या गोळ्या दिल्या आणि झापलं. एका संध्याकाळी तो नवी शेगडी घेऊन घरी आला. बरणी त्यानंच खाली नेऊन टाकली. "सुरमई आणलीय," तो म्हणाला. "तळ जरा. किती दिवस झाले." तिनं तळली. त्यानं सहा तुकडे खाल्ले आणि शेवटी म्हणाला, "हाताला चव आहे हां तुझ्या." आप्पांविषयी काही नाही. आता पाहुणे आले की तो स्वतःच ती कुजलेल्या मटणाची गोष्ट रंगवून सांगतो, लोक पोट धरून हसतात. "हिला विचारा, हिनंही खाल्लंय," असं म्हणून तो तिच्याकडे बोट दाखवतो. ती हसते.

गेल्या महिन्यात निनादच्या मुलीचं उष्टावण झालं. निनाद आणि त्याची बायको मिताली हौसेनं पनवेलला आले होते. घर माणसांनी भरलं. सुनंदानं पहाटेपासून राबून खीर केली, चांदीच्या वाटीत काढली. बाळाला नवं झबलं घातलं, पाटावर मितालीच्या मांडीत बसवलं.

"आई, तुम्ही भरवा पहिला घास," मिताली म्हणाली. ती या घरात नंतर आलेली. तिला जे सांगितलं होतं तेवढंच माहीत होतं.

सुनंदा पाटासमोर बसली. चमचा खिरीत बुडवला. तिच्या बांगड्या वाजल्या तशी बाळानं मान वळवली आणि तिच्याकडे बघून बोळकं उघडलं. सुनंदाचा हात वाटीपाशीच राहिला. निनाद मोबाईल धरून उभा होता. "आई, चल ना, व्हिडिओ चालू आहे."

"मला नको," ती म्हणाली.

"अगं, असं काय? शुभकार्यात..."

"नको रे. दुसरं कुणीतरी भरवा."

मितालीचा चेहरा उतरला. बाळ तोंड उघडं ठेवून वाट पाहत होतं, मग कंटाळून रडू लागलं. विनायक हसत हसत पुढं आला, सुनंदाच्या हातातून चमचा काढून घेतला आणि खीर नातीच्या ओठांना लावली. बाळानं चाटली. पुन्हा तोंड उघडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सुनंदा उठून आत चालली होती. दाराशी किशोरी उभी होती. शेजारच्या बाईला ती म्हणाली, तेही पुरेशा मोठ्यानं, "बरं झालं. तिच्या हातून नकोच होतं."

सुनंदा थांबली नाही. पंगत बसायची होती. आत जाऊन तिनं ताटं मांडायला घेतली.