गटारीच्या दिवशीची विश्रांती

आमचे डॉक्टर माणसांना अरे-तुरे करत आणि बोकडांना अहो-जाहो. "ऊठ रे गाढवा, त्यांना सावलीत बसू दे," असं ते मला म्हणाले की नवखा माणूस कोण पाहुणे आले म्हणून दाराकडे बघे. दारात दाढीवाला बोकड उभा असे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशिकजवळच्या एका कत्तलखान्याला पशुसंवर्धन खात्याने आम्हा दोघांना उसनं दिलेलं होतं. जनावर डॉक्टर तपासत, मटणावर शिक्का मी मारी. माझ्या निम्म्या शर्टांवर 'खाण्यास योग्य' असं उमटलं होतं.

डॉक्टर काही शाकाहाराचे प्रचारक नव्हते. रविवारी स्वतः रस्सा भुरकत. पण कोणी बोकडाला कान धरून फरफटवलं की त्यांचा आवाज चढे. "मरायचंच आहे त्यांना. त्याआधी अपमान कशाला?"

एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही, असा नियम होता. डॉक्टरांनी मध्ये भिंत मागितली; वरून उत्तर आलं नाही. मग मी हुशारी केली. मित्राच्या मांडवाच्या सामानातला एक पडदा आणून संध्याकाळच्या घाईत बांधून टाकला. सकाळी पाहतो तर बोकडांच्या बाजूला सोनेरी अक्षरांत 'सुस्वागतम्'. मी सोडायला धावलो.

"राहू दे. त्यांना वाचता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "बांधताना तुलाही येत नव्हतं म्हणा."

प्रवास करून आलेल्या जनावराला पुरता एक दिवस विश्रांती, हा त्यांचा दुसरा हट्ट. खाटीक हसत. एकाने विचारलंच, "साहेब, उशी देऊ का?"

"स्वच्छ आहे का?" डॉक्टरांनी गंभीरपणे विचारलं.

आणि मग गटारी आली. दुसऱ्या दिवशी श्रावण. म्हणजे अख्ख्या नाशकाला आजच मटण हवं. सकाळीच घोटीकडून एका ठेकेदार शेठचा ट्रक आला. बोकडांचे पाय बांधून पोत्यांसारखी थप्पी लावलेली. डॉक्टरांनी सगळे उतरवून घेतले, पाय सोडवले, पाणी पाजलं आणि म्हणाले, "उद्या."

शेठ उडालाच. "उद्या श्रावण हाय, डॉक्टर! उद्या कोन खानार? ह्यांना इश्रांती अन् मला फाशी?"

"काल आणायचे होते. उभे करून."

मीही चाचरत पुढे झालो. "सर, माझे सासरे यायचेत जेवायला..."

"पाय बांधून आणणार आहेस?"

"नाही सर. रिक्षाने."

"मग दमणार नाहीत. पिठलं घाल."

शेठने फोन फिरवले. दुपारी वरून निरोप आला : शिक्का मारा, नाहीतर डोंगरातल्या पेठला बदली. "पेठची हवा चांगली आहे," डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी बदलीचा हुकूम हजर. पण विश्रांती पुरी होईपर्यंत ते चार्ज सोडेनात. बोकडांच्या दाराशी स्टूल टाकून बसले, ते सकाळपर्यंत. मी घरी सासऱ्यांना पिठलं वाढलं. ते अजून त्याबद्दल बोलतात.

सकाळी डॉक्टरांनी बोकडांना हात केला, "येतो मंडळी." मला एवढंच म्हणाले, "आता तू बघ." आणि पेठच्या एसटीत बसून गेले.

तासाभरात शेठ आला. श्रावणात माल खपणार नव्हता, म्हणून बोकड परत घोटीच्या बाजारात विकायला न्यायचे होते. त्याच्या माणसांनी दोऱ्या काढून पुन्हा पाय बांधायला सुरुवात केली.

"पाय बांधायचे नाहीत. दोन खेपा करा," कोणीतरी म्हणालं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा तो मीच होतो हे माझ्या लक्षात आलं.

शेठ जवळ आला. "तुझी बी बदली करू का?"

"करा," मी म्हणालो, "पण पेठलाच करा."

शेठने मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. मग माणसांकडे वळून म्हणाला, "सोडा रे पाय. दोन येडे एका जागी नकोत."