मग धाकटीचं काय?

टाइप वन डायबिटीस असलेल्या मुलांचे आम्ही आईबाप महिन्यातून एकदा कारेलीबागेत जमतो. मुलं खेळतात, आम्ही लोकांचे सल्ले एकमेकांना ऐकवतो. सल्ले फुकट मिळतात, त्यामुळे आमच्याकडे किस्स्यांना तोटा नाही.

माझ्या इराला डायबिटीस निघाला तेव्हा चुलतसासूबाईंनी पहिला प्रश्न टाकला, "तुझ्या माहेरी कोणाला होता?" मी म्हटलं, "माहेरी फक्त उलट बोलायचा आजार आहे. तो इराला आधीच लागलाय." त्या चार महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. छान गेले ते महिने.

*

दांडिया बाजारातल्या शुभांगीच्या मदतीला सोलापूरहून तिची मावशी आली. शेजारच्या गुजराती बेन हळूच म्हणाल्या, "छोकराने मीठी पेशाब छे." म्हणजे गोड लघवी, डायबिटीस. मावशीने त्यातलं फक्त मीठ ऐकलं. तीन दिवस अख्ख्या घराला अळणी आमटी! शुभांगीचा नवरा मुकाट्याने जेवला. त्याला वाटलं, डॉक्टरांनीच सांगितलंय.

*

छाणीच्या हेतलबेनचा मोठा मुलगा डायबिटीसवाला, धाकटा ठणठणीत. वर्गात कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक वाटताना टीचरने धाकट्याला वगळलं. "तुझ्या भावाला आहे ना, उद्या तुलाही होईल."

दुसऱ्या दिवशी हेतलबेन केक घेऊन शाळेत हजर. "याला काही झालेलं नाही. आणि ज्याला झालंय तोही केक खातो, इन्सुलिन घेऊन." दोघांना तिथेच भरवला. टीचरलाही एक तुकडा खावा लागला.

*

"मग धाकटीचं काय?" हा लोकांचा प्रश्न मात्र मलाही छळायचा. आमची मुक्ता सहा वर्षांची. डॉक्टर म्हणाले, सख्ख्या भावंडांना धोका इतर मुलांपेक्षा जास्त असतो, पण बहुतेकांना कधीच होत नाही. रक्त तपासलं तर आधी चाहूल लागू शकते.

नवरा म्हणाला, "कशाला बघायचं?" इराचं कळलं तेव्हा ती थेट आयसीयूत होती. मला पुन्हा गाफील राहायचं नव्हतं. भीती वाटत होती, तरी मी मुक्ताला घेऊन गेलेच.

इराही हट्टाने लॅबमध्ये आली. ही पोरगी रोज स्वतःचं बोट टोचते, स्वतः इंजेक्शन घेते, हूं का चूं करत नाही.

नर्सबेनने मुक्ताच्या दंडाला पट्टा बांधला आणि विचारलं, "डर लागे छे, बेटा?"

मुक्ता म्हणाली, "मने नथी लागतो. ताईला लागतोय. आधी तिचा हात धरा."